धोबिणीचा आवाज

करंजडोह,
२२ ऑक्टोबर १९७८

चि. भुजंग,

तुझा औरंगाबादचा पत्ता सेलूच्या दत्तरावांनी दिला. देताना म्हणाले, "त्यानं कुनाला देऊ नका म्हणून सांगितलंय, पण बाई, तुमी काय परक्या हायत का?" मी पत्ता लिहून घेतला.

तुझ्या आईचा, बायनाचा हात कसा आहे? प्लास्टर काढलं का? तिची बोटं हलतात का, तेवढं तरी कळव.

शाळा परत सुरू झाली. तुझी चौथी माझ्याकडंच दिली आहे. माझी दुसरी आणि तुझी चौथी एकाच खोलीत बसवते. पोरं म्हणतात, भुजंग गुरुजींसारखे ताल धरून पाढे घ्या. मला ते जमत नाही. भीमनगरातली पोरं अजून पटावर आहेत, वर्गात एकही नाही. पहिले काही दिवस मी हजेरीत त्यांची नावं घेत होते. कुणी ओ देत नाही म्हटल्यावर बाकीची पोरं हसायला लागली, तेव्हापासून घेत नाही.

तुझे आबा, सटवाजी, वारल्यावर तू गावात दोनच दिवस होतास, आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी एकदाच बोललास. शाळेच्या फाटकाशी उभा राहून विचारलंस, "ताई, कुलूप तुटलेलं नव्हतं. चावी कुणाकडं होती?" मी म्हणाले, माझ्याकडं. तू तसाच वळून गेलास. त्यावर मी फार विचार केला आहे, म्हणून लिहिते.

दत्तरावांचं सिनेमाचं मशीन आणि डबे परत द्यायला तू तीस जुलैला सेलूला गेलास. तिथून परभणीच्या सभेला जाणार होतास. निघताना म्हणालास, "ताई, आई-आबाकडं ध्यान ठेवा." मी म्हणाले, तू जा, मी आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन तीनच दिवस झाले होते. आपल्या गावातल्या कुणी ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. इथं काय होणार, असं मला खरंच वाटत होतं. मग एसटी बंद झाल्या आणि तू तिकडंच अडकलास.

चार ऑगस्टला दुपारी पारावर माणसं जमायला लागली. काही आपली, काही बाहेरगावची. भीमनगरातले बाकीचे लोक सकाळीच रानात पांगले होते. सटवाजीचा गुडघा धरलेला, त्याला चालवत नव्हतं, आणि बायना त्याला सोडून जायला तयार नव्हती. मी दोघांना मागच्या वाटेनं शाळेत आणलं, सामानाच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. आमच्या आळीत एवढं करणारी मी एकटी होते, भुजंग. हे विसरू नकोस.

मग त्यांच्यासाठी भाकरी करायला मी घरी आले. मी परत जाईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आता कुलुपाचं. मी घाईत होते. कुलूप दाबलं, पण बसलं नसेल. ते जुनं कुलूप तसंच करायचं, तुला माहीत आहे. कुणी नुसता हात लावला असेल आणि निघालं असेल. दुसरं काही झालेलं असू शकत नाही. आमचे हे तर त्या दिवशी तापानं अंथरुणात होते, नाहीतर त्यांनी सगळ्यांना आडवं होऊन थांबवलं असतं. सटवाजीनं वीस वर्षं आमच्या रानात काम केलं. यांचा त्याच्यावर जीव होता.

दिवाळीत आईला घेऊन येशील का? आमच्याकडं उतर.

तुझी,
विमलाताई


करंजडोह,
१७ मे १९७९

चि. भुजंग,

तुझं उत्तर आलं नाही. नवीन शाळा, नवीन गाव, वेळ मिळत नसेल.

काल सामानाची खोली झाडायला काढली. तेव्हापासून कुणी आत गेलं नव्हतं. आपला पडदा तिथंच होता, माझ्या दोन पांढऱ्या लुगड्यांचा शिवलेला. दत्तराव मागत होते म्हणून घडी घातली आणि घडी घालता घालता खाली बसले. म्हटलं, आज भुजंगला वाईट काही लिहायचं नाही. हसण्यासारखं लिहायचं.

तुला आठवतं, आपण सेलूला त्यांच्या जिनिंगमध्ये तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला? कापसाच्या गाठींवर बसलो होतो आणि दोघं शिंकत होतो. दत्तराव म्हणाले, "सिकंदराबादला मिलिट्रीच्या लिलावात मशीनसोबत फुकट आलाय. विंग्रजी हाय आन् मुका हाय." मुका म्हणजे मशीनचा आवाजच जळालेला. चित्रं हलायची, तोंडं हलायची, ऐकू काही यायचं नाही. डब्याच्या झाकणात एक टाईप केलेला कागद होता. तो तू डिक्शनरी घेऊन चार दिवस वाचलास आणि पाचव्या दिवशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हणालास, "ताई, हा सिनेमा इंग्रजांनी लढाई चालू असतानाच काढलाय. हिटलरच्या माणसांची टर उडवायला. लोक त्यांना भ्यायले होते ना, म्हणून आधी त्यांना हसायला शिकवायचं. आपण ह्याला मराठीत बोलायला लावू."

मी म्हणाले, येडा झालास का. आणि आठ दिवसांनी मी माईकपुढं बसले होते.

जर्मनांनी घेतलेलं एक लहान गाव, आणि त्या गावातली धोबीण. जाडजूड, कमरेला फडकं. जर्मन अंमलदारांचे कपडे तिच्याकडं धुवायला येतात. ती त्यांच्या पतलुनी उकळत्या पाण्यात घालून आखूड करते आणि सदऱ्यांना आतून खाजरी पूड चोळते. तिकडं कुठली पूड होती कोण जाणे, तू तिची खाजकुइली केलीस. त्या वरच्या अंमलदाराला तू तहसील कचेरीची भाषा दिलीस. "सदरहू पतलून आखूड झाल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. तरी तात्काळ खुलासा करावा!" आणि मी धोबिणीच्या तोंडून म्हणायची, "पतलून न्हाई आखूड झाली सायेब, तुमीच उंच व्हायलाव!"

पहिल्या खेळाला शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. सलामी द्यायला सगळी पलटण उभी आणि सगळे एका हातानं सलाम करतायत, दुसऱ्या हातानं पाठ खाजवतायत, तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडले. माझ्या सुमंगलाला हसून उचकी लागली. आमचे हे पहिल्या रांगेत मुंजाजीभावजींच्या शेजारी बसले होते, मांड्या बडवत होते. मग वालूरवाल्यांनी बोलावलं. मग पोखर्णीला, नरसिंहाच्या यात्रेत. लोक मला बाजारात ओळखायला लागले, "ती बगा, धोबीण बाई."

तिसऱ्या डब्यात मात्र हसू कमी होतं. गावातल्या ज्यू मास्तरला जर्मन शोधतायत. पहिल्या खेळाला कुणीतरी ओरडलं, "ज्यू म्हंजे काय?" झाकणातल्या कागदात त्याचं काही नव्हतं. तू मशीन न थांबवता माईकवर सांगितलंस, "ते कुठल्या घरात जन्मले एवढ्यावरून त्यांना गावापासून वेगळं काढलं होतं. कोटावर चांदणी शिवायला लावली होती, लांबून ओळखू यावं म्हणून." भीमनगरातले लोक नेहमीप्रमाणे दाराजवळ, आपापली पोती अंथरून बसले होते. सटवाजी तिथंच होता. हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं, आता आठवतं.

धोबीण त्या मास्तरला मळक्या कपड्यांच्या ढिगात लपवते. अंमलदार दारोदार फिरून विचारतो, मास्तर कुठं आहे. पाववाला सांगतो, चंद्रावर गेला. म्हातारी सांगते, मला ऐकू येत नाही. मग तो धोबिणीच्या दारात येतो आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "माज्या घरी मळक्या कपड्याबिगर काय हाय, सायेब?" तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमचे हे डोळे पुसत होते. घरी आल्यावर म्हणाले, "बाई असावी तर अशी. जीव गेला तरी तोंड उघडलं न्हाई."

हसण्यासारखं लिहिणार होते. कुठून कुठं आले.

उत्तर दे रे.

विमलाताई


परभणी,
३ डिसेंबर १९८१

भुजंग,

कोर्टाबाहेरच्या झाडाखाली बसून लिहिते आहे. आमची माणसं हॉटेलात चहा प्यायला गेली. मुंजाजीभावजींनी पेढे आणलेत.

तू व्हरांड्याच्या त्या टोकाला आईचा हात धरून उभा होतास. मी दोन पावलं आले होते. तुझी आई माझ्याकडं बघत होती, म्हणून परत फिरले.

मागच्या तारखेला शपथ घेऊन मी जे बोलले ते तू ऐकलंस. हे तापानं घरात पडून होते. कुलूप नीट लागलं नव्हतं. वकिलानं मग सांगितलं, उघड्या दारातून बाहेरगावची माणसं शिरली असतील, कोण ते एकटी म्हातारी काय ओळखणार. आणि आज मुंजाजीभावजी, हे, सगळे सुटले.

पण तुझ्या आईनं साक्षीत एक गोष्ट सांगितली जी पोलिसांच्या कागदात नव्हती. शाळेच्या ओसरीवर विमलाबाईंच्या हिरव्या फडक्यात बांधलेल्या भाकरी पडल्या होत्या, असं ती म्हणाली. सरकारी वकिलानं मला विचारलं, भाकरी कुणी नेल्या? मी म्हणाले, मीच. गर्दी पाहून घाबरले, टाकून पळाले.

तू तेव्हा मान वर केलीस. पहिल्या पत्रात मी तुला काय लिहिलं होतं ते तुला आठवलं, हे मला इतक्या लांबून दिसलं.

भुजंग, त्या भाकरी मी नेल्या नव्हत्या. आज एवढंच लिहिता येतं. सुमंगला चौदाची आहे. तिला वडील हवेत. हे कारण आहे की बहाणा, मला आता सांगता येत नाही.

ते येतायत.

विमला


सेलू,
३० ऑगस्ट १९८७

भुजंग,

पाच-सहा वर्षांत मी तुला लिहिलं नाही. हे मात्र पूर्ण वाच. तुला नको असेल तर बायनाबाईंना वाचून दाखव. त्यांना मी आजवर 'बायना' म्हणत आले, आणि त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या असून मला 'अहो बाई' म्हणायच्या. त्यात काही वावगं आहे हे मला शाळेत शिकवून, माईकवर बोलूनसुद्धा कधी सुचलं नाही.

दत्तराव मागच्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या मुलानं सिनेमाचं मशीन आणि ते डबे आपल्या शाळेला देऊन टाकले. नवे मास्तर अण्णासाहेब हौशी आहेत. म्हणाले, "बाई, पंधरा ऑगस्टला करूच. अंमलदाराचं मी बोलतो. धोबीण म्हणून गाव दुसरीला ऐकायचं न्हाई." मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा हेच घरातून म्हणाले, "कर की. किती दिवस झाले गाव हसलं न्हाई."

झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, खिडक्यांना घोंगड्या लागल्या. पहिले दोन डबे मी बोलले. आवाज आपोआप येत होता. लोक तसेच हसले. मुंजाजी आता सरपंच आहेत, ते खुर्चीवर होते. आमचे हे, भगवानराव, त्यांच्या शेजारी. दाराजवळची जागा मोकळी होती.

तिसरा डबा लागला. अंमलदार पाववाल्याला विचारून झाला, म्हातारीला विचारून झाला, धोबिणीच्या दारात आला. अण्णासाहेब म्हणाले, "मास्तर कुठं आहे, बोल!" लोकांना पुढचं पाठ होतं. काही जण आधीच पुटपुटायला लागले होते. पडद्यावर तिचे ओठ हलायला लागले आणि माझ्या तोंडून आवाज निघेना.

अण्णासाहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "ह्या बाईनं सांगितलं नाही. मी सांगितलं. सटवाजी आणि बायनाबाई सामानाच्या खोलीत आहेत, हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं. चावी मी दिली. कोर्टात मी खोटं बोलले."

मशीन चालूच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला चक्कर आली, पानी आना." मुंजाजींनी उठून माईकची तार ओढली.

झालं ते असं होतं. त्या दिवशी मी चुलीपुढं बसले होते. भगवानराव आत आले. ताप नव्हता, काही नव्हतं. म्हणाले, "एवढ्या भाकरी कुनाला?" मी सांगितलं. मला भीती वाटली नाही, भुजंग. उलट सांगून हलकं वाटलं, कारण एकटीला ते ओझं झेपत नव्हतं आणि तो माझा माणूस होता. ते म्हणाले, "लय चांगलं केलंस. दे इकडं, मी देऊन येतो. बाईमाणसानं आता बाहेर पडू नये." मी भाकरी हिरव्या फडक्यात बांधल्या, वर कांदा ठेवला आणि चावी त्यांच्या हातात दिली. मागून हाक मारून सांगितलं, पाण्याचा तांब्या पण न्या.

ते परतले तेव्हा माझी भांडी घासून झाली होती. हातात तांब्या नव्हता. म्हणाले, "तू आज घराबाहेर गेली न्हाईस आन् मी तापानं पडून हाय. समजलं?" मी शाळेकडं पळत गेले. बाकीचं तुझ्या आईनं पाहिलं आहे, ते मी काय लिहू. सटवाजी परभणीला दवाखान्यात सहाव्या दिवशी गेले, तोवर मी एकदाही त्यांच्या खाटेजवळ आले नाही. तुला निरोप धाडला होता की इकडं एसटी बंद आहेत. आठ ऑगस्टपासून चालू होत्या.

सिनेमाच्या दिवशी घरी गेल्यावर नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना विचारलं.

म्हणाले, "मी काय त्याला मारायला नेलं व्हतं का? मुंजाजी म्हनला, पोरगं लय उडायलंय, बापाला पारावर आनून माफी मागायला लावू, बाकीच्यांची डोकी थंड होतील. मला वाटलं, पाया पडंल आन् सुटंल."

"तुम्ही तिथं उभे होतात?"

"व्हतो."

"मग?"

"मग काय. मानसं लय व्हती."

मी म्हणाले, "तो सिनेमा बघून तुम्ही रडला होतात."

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "तो सिनेमा व्हता, विमल."

दुसऱ्या दिवशी मी परभणीला वकिलाकडं गेले. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला परत चालत नाही. मी म्हणाले, मी खोटी साक्ष दिली, मला तरी आत घाला. तो हसला. म्हणाला, "बाई, घरी जाऊन झोपा."

घरी गेले नाही. सेलूला एका खोलीत राहते आणि शाळेत इथून ये-जा करते. बदलीचा अर्ज दिला आहे. सुमंगलाचं दोन महिन्यांवर आलेलं लग्न मोडलं. ती भेटायला आली होती, दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, नऊ वर्षं गप्प बसलीस. अजून दोन महिने बसली असतीस तर काय झालं असतं?" तिला दोन महिने दिसत होते, आणि मला बायनाबाईंचा हात.

माफ कर असं लिहीत नाही. तुला खरं कळावं एवढंच.

विमला


सेलू,
२२ फेब्रुवारी १९९४

भुजंग,

गेल्या महिन्यात संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तुम्हा लोकांनी सोळा वर्षं लावून धरलेलं शेवटी झालं. सेलूच्या स्टेशनासमोर निळे झेंडे घेऊन लोक नाचत होते. एकानं माझ्या हातावर पेढा ठेवला. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. तो पेढा मला खाववेना आणि टाकवेनाही. तेव्हाच ठरवलं की तुझ्याकडं यायचं.

मधे मी तुला चार-पाच पत्रं पाठवली. सेवानिवृत्त झाले तेव्हा, भगवानराव गेले तेव्हा, सुमंगलाला मुलगा झाला तेव्हा. प्रत्येक पत्रात मी तेच तेच सांगत गेले. उत्तर येत नव्हतं, पण पत्र परतही येत नव्हतं, त्यावर मी खूश असायचे.

मी आले तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथंच होतास. टेबलावर पेपर तपासत बसला होतास. केस पांढरे झालेत तुझे. मी दारात नाव सांगितलं. तुझं लाल पेन थांबलं. वर न बघता म्हणालास, "आई, त्यांना पाणी दे." आणि पुढचा पेपर ओढलास. तासभर मी बसले, तेवढ्यात तू बोललास ते तेवढंच. 'त्यांना' म्हणालास. ते बरोबर होतं.

बायनाबाईंनी डाव्या हातानं पाणी आणलं. उजवा कोपरात वाकडाच राहिला आहे. माझ्यासमोर खाली बसल्या. मी खुर्चीवरून उठून त्यांच्याशेजारी बसायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बसा तितंच."

मी बोलायला सुरुवात केली होती, तेच सगळं, चावीचं, भाकरीचं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मला ठावं हाय त्ये. तुमाला ठावं न्हाई त्ये मी सांगते," त्या म्हणाल्या. "आमी दोगं अंधारात बसलो व्हतो. बाहीर कुलूप वाजलं. ह्ये म्हनले, बाईनं भाकरी आनली वाटतं. मी उठायलाले, तर म्हनले, तू बस, मी घेतो. गुडघा धरून उठले आन् हसत दारात गेले. मी पाठीमागं व्हते, मला त्यायचं हसू दिसलं न्हाई. पर बोलताना आवाजात व्हतं."

तुझं पेन चाललं होतं तेवढा वेळ. मग ते थांबलं.

मला रडू आलं नाही. रडले असते तर त्यांना माझी समजूत काढावी लागली असती, असं वाटून मी पदराचा बोळा हातात धरून बसले. थोड्या वेळानं उठले. चपला घालत होते तर बायनाबाई पण उठल्या. "गल्लीत कुत्री लय हायत. चला, कोपऱ्यापर्यंत येते."

वाकड्या हातात काठी धरता येत नाही, म्हणून डाव्या हातात काठी घेऊन त्या माझ्या पुढं चालल्या. दोनदा कुत्री भुंकत आली, दोनदा त्यांनी हाकलली. मी त्यांच्या मागून चालले. कोपऱ्यावर नळाची गर्दी होती. तिथं त्या थांबल्या.

"बाई, एक मागते."

"मागा."

"तुमचं पत्र आलं की भुजंग आदी टेबलावर ठिवतो. वाचत न्हाई. मी म्हनते, वाच. मग वाचतो. त्यो वाचायलाला की मी परत त्या खोलीत जाते. तीन-तीन दिस मला घास गिळत न्हाई. त्यो बी मग कुनाशी बोलत न्हाई, पोरायवर वरडतो." त्या रागावलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. "तुमचं मन मोकळं होत आसंल लिवून. पर त्ये समदं आमच्या घरात येऊन बसतंय. आता नका लिवू."

मी म्हणाले, "बरं."

"कायबी लिवू नका. खुशाली बी नको."

"बरं."

"जावा मग. ती बस आलीच बगा."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुमच्यासाठी लिहिते.

हेही पत्र लिहायला नको होतं. पण त्यांनी जे सांगितलं ते ऐकणारी मी एकटीच परकी होते, आणि ते कुठंतरी जसंच्या तसं लिहून ठेवावं असं वाटलं. ते आता लिहून झालं आहे. पाकीट आणलेलं नाही. आणणारही नाही.

उद्या सकाळी पोस्टमन तुमच्या गल्लीत येईल. नळापाशी सायकल टेकवेल, शेजारच्यांचं काय असेल ते देईल आणि तुमच्या दारावरून पुढं जाईल. दुपार होईल, आणि तुझी आई जेवायला बसेल.

विमला